ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणण्याआधी पॉवर सप्लाय बघा

डेस्कटॉपवर सगळं सुरळीत, गेम सुरू केला की काही मिनिटांत स्क्रीन काळी आणि कार्डाचे पंखे फुल स्पीडने, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून दुकानदाराने ‘कार्ड गेलं, नवीन घ्या’ सांगावं हे मला अजिबात पटत नाही. लोड आल्यावरच बंद पडतंय, म्हणजे पहिला संशय पॉवर सप्लायवर. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॉट मिळतात, सप्लायकडून येणाऱ्या ८ पिनच्या प्रत्येक कनेक्टरमधून १५०. तुमच्या फोटोत दोन्ही कनेक्टर एकाच केबलच्या फाट्यांवर आहेत, म्हणजे दोन्हींचा भार त्या एकाच केबलवर. आधी सप्लायसोबत आलेल्या दोन वेगळ्या केबल लावा. दुसऱ्या सप्लायची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) केबल मात्र चुकूनही लावू नका, पिनांची रचना वेगळी असू शकते आणि मग कार्ड खरंच जळेल.

तरीही तेच झालं तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण काढून टाकणारं सॉफ्टवेअर) कार्डाचा ड्रायव्हर पुसून नवा टाका. बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन) रंगीत ठिपके किंवा रेघा दिसत असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही, तेव्हा कार्डाच्या मेमरीवर शंका घ्यायची.

नाशिकमध्येच आहात ना? मी सिडकोत राहतो, माझ्या पीसीत ७५० वॉटचा सप्लाय आहे. रविवारी कार्ड घेऊन या, लावून बघू. तोवर बिल जपून ठेवा, आणि वॉरंटी असेल तर कार्ड उघडू नका.