धाकट्या भावाला अटक झालीये, फौजदारी वकील कसा निवडावा? मदत हवी आहे

काल रात्री मारामारीच्या प्रकरणात भावाला अटक झाली. जामिनाच्या सुनावणीआधी वकील नेमायचाय. शहर मोठं, नावं पुष्कळ मिळताहेत. एकाने तर कागद न बघताच फोनवर 'सोडवून आणतो' अशी हमी दिली. निर्णय न्यायाधीशांच्या हातात असताना अशी हमी देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील बरा, की मोठ्या नावाचा? सांगितलेल्या फीमध्ये फक्त जामीन धरतात की पुढचा खटलाही? हे लेखी मागावं ना? वकील भेटेपर्यंत कशावरही सही करू नकोस, एवढं त्याला सांगितलंय. जे यातून गेलेत त्यांनी कृपया लवकर सांगा. आई रात्रभर झोपलेली नाही.