घरच्या मिनी लेथसाठी टूल्स आणि सामान: आधी काय घ्यावं, कुठून घ्यावं? (पुणे, बजेट १५ हजार)

खटपट्या_आजोबा
नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झालो, मशीनचा अनुभव शून्य. मार्चमध्ये ओळखीतून ७x१४ इंची मिनी लेथ (जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरवून कातायचं यंत्र) घेतला. सोबत ८० एमएमचं थ्री जॉ चक (जॉब तीन जबड्यांत धरतं ते) आणि चार बोथट ब्रेझ्ड टूल्स (टोकाला कडक तुकडा डकवलेली कातायची हत्यारं) मिळाली, बाकी काही नाही. नातवासाठी वाफेचं छोटं इंजिन करायचंय, तळहातावर मावेल एवढं.

पहिला प्रयोग फसला. शेजारच्या बांधकामावरचा सळईचा तुकडा आणून लावला. आधी नुसतं किंचाळणं, मग थरथर, मग टूलचं टोक उडून खिडकीच्या जाळीत. चष्मा होता म्हणून निभावलं.

टूल्स, मोजमापाची साधनं, मटेरियल, तेल, सगळं मिळून १५,०००. काम फ्लॅटच्या बाल्कनीत. घरून एकच अट: ठिणग्या उडता कामा नयेत, बाजूलाच कपडे वाळत असतात.

भोसरीचा_भाऊ
काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ते खेळणं विकून टाका. मी मागच्या वर्षी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून हरिहरचा जुना किर्लोस्कर लेथ उचलला, ८५ हजारात. हायड्रा क्रेन आणि टेम्पोचे ९ हजार वेगळे. बेडवर नुसता हात फिरवला तरी कळतं, लोखंड काय असतं ते. तीन एमएमचा कट घेतो, आवाज नाही.

शंकासूर
भाऊ, तो बाल्कनीत ठेवायचा का? खालच्या मजल्यावरच्यांना आधी कळवावं लागेल.

भोसरीचा_भाऊ
मी चांगलं मशीन कुठलं ते सांगितलं. बाल्कनी त्यांची.

टर्नरकन्या
आजोबा, चूक तुमची नाही, सळईची आहे. टीएमटी सळई गरम असतानाच पाण्याने झटकन थंड करतात, त्यामुळे बाहेरचं कडं कडक आणि गाभा मऊ राहतो. वर त्या आडव्या धारा. टूलला दर फेऱ्यात ठोसे बसतात. सळई विसरा.

दुकानात जाऊन "ईएन वन ए ब्राइट बार" मागा. हे फ्री कटिंग, म्हणजे सहज कातलं जाणारं स्टील, शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. नुसतं "एमएस" (माइल्ड स्टील) म्हणालात तर काळा बार गळ्यात मारतील, तो चिवट निघतो आणि फिनिश काही केल्या येत नाही. पितळेची रॉड किलोवर मिळते. महाग वाटेल, पण एवढ्याशा इंजिनाला लागणार किती?

टूल एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) घ्या, ८ एमएम चौरस. मिरांडा कंपनीचे टूलबिट (धार लावून वापरायचे तुकडे) कुठेही मिळतात, चार पुरे. धार स्वतः लावायला शिका. पितळेला वरचा उतार अजिबात द्यायचा नाही, सपाट ठेवायचा. नाहीतर टूल जॉबमध्ये खेचलं जातं आणि काय झालं ते कळायच्या आत जॉब वाकलेला असतो.

(आयटीआय टर्नर, २००४ ची बॅच. वर्गात मुली दोनच होतो, म्हणून नाव हे.)

डेट्रॉइटकर
इथे माझ्या गॅरेजमध्ये क्विक चेंज टूलपोस्ट (टूल झटकन बदलता येणारा धारक) आणि दोन ॲक्सिसचा डीआरओ (स्लाइड किती सरकली ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) आहे. डीआरओशिवाय काम करणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं. रात्री ऑर्डर केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. टूलपोस्ट दीडशे डॉलरला पडला. Must आहे तो, पुढचं पुढे.

शंकासूर
दीडशे डॉलर म्हणजे आजोबांचं बहुतेक सगळं बजेट. आणि "अनिवार्य" असा एक शब्द आहे आपल्याकडे.

उद्यमनगरी
पुण्यात कशाला हिंडताय? कोल्हापूरला या. उद्यमनगरात फौंड्री, पॅटर्नवाला (ओतकामासाठी लाकडी नमुना करणारा), मशीन शॉप सगळं चालत जायच्या अंतरावर. इंजिनाचा सिलिंडर गनमेटलमध्ये (कांशाचा प्रकार) ओतून घ्या, रॉडमधून कोरत बसण्यापेक्षा बरं. येताना लाकडी पॅटर्न मात्र आणा, धातू निवताना आकसतो म्हणून थोडा मोठा ठेवून. काम संपल्यावर मिसळ आमच्याकडून.

भोसरीचा_भाऊ
मिसळ म्हटली की कोल्हापूरकर सुटले. पुण्यात मिळत नाही का?

उद्यमनगरी
मिळते की. गोड असते.

(यापुढच्या मिसळीवरच्या १४ प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यावर हलवल्या आहेत. – व्यवस्थापक)

कार्बाइड_किंग
एचएसएस आता म्युझियममध्ये ठेवा. कार्बाइडचं (एचएसएसहून कडक) इन्सर्ट टूल घ्या, म्हणजे होल्डरला स्क्रूने लावायचा बदलता छोटा तुकडा; इन्सर्टचा नंबर सीसीएमटी ०६०२०४. टोक गेलं की स्क्रू सैल करून इन्सर्ट फिरवायचा, ग्राइंडरची भानगडच नाही. आमच्या कंपनीत १२ वर्षांत कोणी टूल घासलेलं मी पाहिलं नाही.

टर्नरकन्या
तुमच्या कंपनीत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आहे हो. कार्बाइडला वेग लागतो, दम लागतो आणि मशीन हलून चालत नाही. २० एमएमच्या जॉबला एचएसएसने मिनिटाला २५ मीटर धरले तर ४०० आरपीएम पुरतात. कार्बाइडने १०० मीटर धरले तर १६०० लागतात, आणि मिनी लेथवर १६०० ला कट घेतला की टेबलसकट सगळं नाचतं.

कार्बाइड_किंग
कट कमी घ्या मग. माझ्या मेव्हण्याकडे मिनी लेथ आहे, तो कार्बाइडच वापरतो, काही नाचत नाही.

शंकासूर
एक मूलभूत प्रश्न. लेथ "तो" की "ते"? आजोबा "तो" म्हणतात, आमच्या कारखान्यात सगळे "ते लेथ" म्हणायचे.

भोसरीचा_भाऊ
बिघडला की "ती कटकट". चला पुढे.

खटपट्या_आजोबा
सर्वांचे आभार. नम्रपणे पुन्हा सांगतो, बजेट १५ हजार आहे. आतापर्यंत मला जुना लेथ, डीआरओ आणि कोल्हापूरची सहल सुचवली गेली आहे. टर्नरकन्या, ग्राइंडरच्या ठिणग्यांचं काय करू? आणि मोजायला व्हर्नियर कुठला?

बोहरी_आळी_फॅन
रविवार पेठेत बोहरी आळीत जा, सकाळी ११ च्या आत. दुचाकीने, चारचाकी नेलीत तर अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात. टॅप आणि डाय (आटे पाडायला), ड्रिल, सेंटर ड्रिल, सगळं दहा पावलांत. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, मला तिथे जुना मायक्रोमीटर ४०० ला मिळाला. घरी येऊन पाहिलं तर शून्यावर येतच नव्हता. आता पेपरवेट आहे.

व्हीएफडीवाला
भोसरीच्या भावासाठी: घरी थ्री फेज नसेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) टाका, सिंगल फेज आत, थ्री फेज २३० व्होल्ट बाहेर. पण तुमची मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (वाइंडिंगची एक जोडणी, दुसरी डेल्टा) असणार आणि बहुतेक तीनच वायरी बाहेर काढलेल्या असतील. वाइंडरकडून आतला स्टार पॉइंट सोडवून सहा टोकं बाहेर घ्या, मग डेल्टा करा. डेल्टा न करता लावली तर मोटर कुंथत राहते, मग लोक व्हीएफडीला शिव्या देतात.

भोसरीचा_भाऊ
हे कामाचं बोललात. रात्री फोटो टाकतो मोटरच्या पाटीचा.

दक्षिण_मुंबईकर
मी मुंबईतली नागदेवी स्ट्रीट म्हणेन. बेअरिंगपासून चकपर्यंत काय हवं ते. रविवारी बंद. व्हर्नियर मिटुटोयो या जपानी कंपनीचाच घ्या, माझा १९९१ चा अजून काट्यासारखा चालतो. खोके जपून ठेवलंय.

टर्नरकन्या
मिटुटोयो चांगलाच, पण आजोबांना ०.०२ एमएमचा साधा व्हर्नियर पुरे, हजार-बाराशेत येतो. त्यापेक्षा डायल गेज (जॉब किती डगमगतो ते काट्यावर दाखवतं) आणि मॅग्नेटिक स्टँड घ्या. फोर जॉ चक (चारही जबडे वेगवेगळे सरकणारं) घेतलंत तर त्याशिवाय जॉब नेमका सेंटरला आणता येत नाही. आणि फोर जॉ घ्याच. इंजिनाचा चौकोनी ठोकळा थ्री जॉमध्ये धरणार कसा?

टूलचं टोक सेंटरला, म्हणजे जॉबच्या मधल्या उंचीला, आहे का ते असं बघा: लेथ बंद ठेवून गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी हलकेच दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पॅकिंग घाला. जॉबकडे झुकलं तर वर आहे. पॅकिंगला हॅकसॉच्या जुन्या ब्लेडचे तुकडे चालतात.

ग्राइंडर गच्चीवर न्या, तासाभराचं काम. नाहीतर जवळच्या वर्कशॉपमध्ये चहा पाजून चार टूल्स लावून घ्या.

बोहरी_आळी_फॅन
फोर जॉ घ्याच. आणि डायल गेज.

एकदाच_चुकलो
कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. चक की (चक आवळायची चावी) चकमध्ये कधीही विसरायची नाही. मी विसरलो. लेथ चालू केला, चावी उडाली, माझ्या कानाजवळून जाऊन फ्रिजच्या दाराला पोचा पाडला. आता नियम: हात चावीवर असेल तेव्हाच चावी चकमध्ये. हातमोजे आणि लांब बाही अजिबात नको. त्या फ्रिजवर आम्ही कॅलेंडर लावलंय.

डेट्रॉइटकर
डीआरओचा विचार झाला का?

खटपट्या_आजोबा
अपडेट. सगळ्यांचं वाचून शेवटी कार्बाइड इन्सर्टचा सात टूल्सचा सेटच मागवला. टर्नरकन्या, माफ करा. गच्ची सोसायटीने कुलूप लावून ठेवलीय आणि चहावर टूल लावून देणारा वर्कशॉपवाला म्हणाला, "काका, दिवाळीनंतर या." फोर जॉ, डायल गेज, व्हर्नियर घेतले. ड्रिल चक घेताना टेलस्टॉकचा (लेथच्या चकसमोरच्या टोकाचा ठोकळा) टेपर, म्हणजे निमुळतं भोक, एमटी २ आहे हे दुकानदारानेच विचारून घेतलं, मी कोरा चेहरा करून उभा होतो. ईएन वन ए मिळाला नाही, पितळ घेतलं. १५ चे १७,७०० झाले. घरी १५ च सांगितलेत.

काल पितळेवर पहिला कट घेतला. पिवळ्या सुया पावसासारख्या पडतात, पायाला टोचतात, वाळत घातलेल्या टॉवेलमध्येही निघाल्या. ठिणगी मात्र एकही नाही. फिनिश आरशासारखा नाही, पण नखाला लागत नाही.

कार्बाइड_किंग
🙏

टर्नरकन्या
पितळेवर छान चाललं ना, मग झालं. पुढचे इन्सर्ट घेताना सीसीएमटीऐवजी सीसीजीटी मागा, ॲल्युमिनियमसाठीचे, चकचकीत. घासून धार केलेले असतात, त्यामुळे हलक्या मशीनला जोर कमी लागतो. तुमच्याच होल्डरमध्ये बसतील. आणि क्रॉस स्लाइडचे (टूल आडवं सरकवणारा भाग) गिब स्क्रू, म्हणजे ढिलाई घालवणारे स्क्रू, तपासा. हँडल फिरवताना मलईत चमचा फिरवल्यासारखं लागलं पाहिजे, सैलही नाही, जडही नाही. टॉवेल झटकून मग वापरा.

नवा_कोरा_०७
सुरुवातीच्या प्रतिक्रियेत मिनी लेथ विकायचं वाचलं. विकायचा असेल तर कळवा, २० पर्यंत देईन. थ्री जॉसकट. घ्यायला मी येईन, लिफ्ट आहे का?