सात फुटी टेबलाची खरी अडचण

पूल, म्हणजे काठीने चेंडू मारून टेबलाच्या पॉकेटमध्ये घालवायचा खेळ. ‘बारमधला पूल नवशिक्यांचा, खरं कौशल्य पूल हॉलमधल्या नऊ फुटी टेबलावरच दिसतं’ हे मत मला अर्धंच पटतं. लांबचा फटका अचूक मारायची परीक्षा मोठ्या टेबलावरच होते, यात वाद नाही. पण गर्दीचं काय? नऊ फुटी टेबलावर खेळायची जागा १०० बाय ५० इंच, बारमधल्या सात फुटीवर साधारण ७८ बाय ३९. म्हणजे जागा जेमतेम ६० टक्के आणि चेंडू तेवढेच. एट-बॉलमध्ये (आपल्या गटातले सात चेंडू घालवून शेवटी आठ नंबरचा घालवायचा डाव) ते एकमेकांना चिकटून बसतात, वाट अडवतात. कोणता चेंडू आधी सोडवायचा, इथे खरा कस लागतो.

शिवाय पांढरा चेंडू, म्हणजे काठीने मारायचा तो. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलात पॉकेटमध्ये गेलेले बाकीचे चेंडू आतच राहतात, पांढरा तेवढा परत यायला हवा. म्हणून बऱ्याच जुन्या टेबलांवर तो मोठा किंवा जड असायचा (चुंबकाने ओळखला जाणारा नंतर आला). जड चेंडू आदळल्यावर जागीच थांबत नाही, पुढे सरकतो. मागे खेचायला फार जोर लागतो. हॉलमध्ये घोटवलेला हात इथे फसतो. माझा कित्येक महिने फसत होता.

शिकायला मात्र हॉलच. सपाट टेबल, स्वच्छ कापड, एकच फटका पन्नासदा मारून बघायचा निवांतपणा. बारमध्ये जिंकेल त्याचं टेबल. हरलात की पुन्हा नंबर लागेपर्यंत बसा. त्या एका डावाचं दडपण एकट्याच्या सरावात मिळत नाही, म्हणून आठवड्यातली एक संध्याकाळ मी बारसाठी राखून ठेवतो.