‘लिननफोल्ड’ला मराठीत काय म्हणावं?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सोळाव्या शतकातल्या ओकच्या कोरीव फळ्या आहेत. त्यांतल्या काहींवर उभ्या घड्या घातलेलं कापड टांगल्यासारखं दिसतं. या नक्षीला इंग्रजीत ‘लिननफोल्ड’ म्हणतात. एका लेखासाठी मराठी शब्द हवा आहे. ‘तागपट’ आणि ‘वस्त्रघडी’ सुचले, पण दोन्ही कानाला परके वाटतात. जाणकारांनी सांगावं.

— ‘ताग’ कृपया नको. तागाचं होतं ते गोणपाट. लिनन जवसाच्या खोडातल्या धाग्याचं. खरं तर शब्दात लिनन आणायचीच गरज नाही, कारण हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झालं, फळ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. ही नक्षी फ्लँडर्सकडून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून पसरली. डच लोक अशा फळीला ‘ब्रीफपानेल’ म्हणजे पत्राची फळी म्हणतात, जर्मन नुसतं ‘फाल्टवेर्क’, घडीकाम. कुणाला कापड दिसलं, कुणाला कागद. आपल्याला काय दिसतं ते बघू या.

— मला चुण्या दिसतात. ‘चुणीदार फळी’ कसं वाटतं?

— चुणी बारीक असते, दाबून गोळा केलेली. इथे रुंद, सरळ, समांतर घड्या आहेत. घरात सुतारकाम पाहत वाढलो, म्हणून हे काम कसं होत असेल ते डोळ्यांपुढे येतं. आधी लाकडाच्या रेषांच्या दिशेने रंधा मारून लांबच लांब पन्हळी काढायच्या, मग वरची आणि खालची टोकं पटाशीने कोरायची. पन्हळीपर्यंत नुसतं लाकूडच असतं. कापड दिसू लागतं ते टोकांशी. तिथे घडीत घडी शिरलेली कड कोरतात, आणि ती कड हुबेहूब नेसलेल्या साडीच्या निऱ्यांच्या खालच्या काठासारखी दिसते. म्हणून माझं मत ‘निरी’ला. धोतरालाही निऱ्या असतातच, तेव्हा तो फक्त साडीचा शब्द नाही.

— निरी! हे अगदी पटलं. हॅम्पशायरमधल्या ‘द व्हाइन’ या घरात 1520च्या दशकातलं एक लांब दालन जमिनीपासून छतापर्यंत अशा ओकच्या फळ्यांनी मढवलेलं आहे. फोटोत बघताना मला नेमका शब्द सापडत नव्हता, तो हाच. आता ‘पॅनेल’चं काय करायचं?

— पॅनेल राहू द्या, सुतारही तेच म्हणतात. मात्र त्याचं मूळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅटिन ‘पान्नुस’ म्हणजे कापड, त्यावरून फ्रेंचमार्गे ‘पॅनेल’ आला, म्हणजे मुळात कापडाचा तुकडा. आपली ‘पट्टी’ पाहा: जखमेवर बांधतो ती कापडाची, दारावरची गणेशपट्टी लाकडाची. कापड आणि लाकूड आपल्याकडेही एकाच शब्दात नांदतात.

— मग ‘निरीपट्टी’च का नको?

— पट्टी म्हटलं की अरुंद आडवं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि हे उभे चौकोन चौकटीच्या खोबणीत बसवलेले असतात. शिवाय लिननफोल्ड हे नक्षीचं नाव आहे, फळीचं नाही. म्हणून ‘निरीनक्षी’ म्हणावं.

— ठरलं. चित्राखाली असं लिहिते: ‘निरीनक्षीचं ओकचं पॅनेल, इंग्लंड, सोळावं शतक’.