लाकडी पूल सोडून भराव घातला, तळं दुभंगलं. चूक की नाइलाज?

घाटवाला:
अमेरिकेच्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक. १८६९ साली पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली ती तळ्याच्या उत्तरेला, प्रॉमॉन्टरीच्या चढावर. मालगाडी चढवायला जादा इंजिनं लागायची. म्हणून सदर्न पॅसिफिकने १९०२ ते १९०४ या काळात थेट तळ्यातूनच मार्ग काढला. दोन्ही काठांकडून भराव आणि मधे सुमारे १९ किलोमीटर लाकडी खांबांचा पूल. अंतर ७० किलोमीटरने घटलं. इथवर मुजरा.

पण १९५९ मध्ये पुलाच्या शेजारी दगडमातीचा सलग बांध उभा राहिला. बेअर, वेबर, जॉर्डन या तिन्ही नद्या दक्षिण भागात येतात. खांबांमधून पाणी उत्तरेकडे खेळत होतं, ते अडलं. तिकडे मीठ साठत गेलं आणि पाणी गुलाबी झालं. गाडीच्या सोयीसाठी तळं कापलं, असं माझं मत.

निवृत्त_पीडब्ल्यूआय:
लाकडी पुलावरून जड मालगाड्या रोज न्यायच्या म्हणजे काय, हे ट्रॅकवर राबलेल्याला विचारा. एकेरी मार्ग, गाडी हळू हाका, शिवाय आगीची धास्ती. खाऱ्या पाण्यात लाकूड मुरतं, कुजत नाही, हे खरं. पण १९०४ च्या खांबांवर डिझेल इंजिनांच्या काळातल्या गाड्या किती दिवस नेणार? आणि नवा पूल म्हणाल तर तळाशी निव्वळ चिखल. पहिल्या वेळीसुद्धा टाकलेला भराव तो चिखल गिळत होता.

घाटवाला:
काका, भरावाला माझी ना नाही. पण पाणी जायला बांधाखालून मोऱ्या किती ठेवल्या? दोन! जेमतेम साडेचार मीटर रुंदीच्या. बांध खचत गेला तशा त्याही गेल्या. २०१२-१३ मध्ये बुजवाव्या लागल्या. त्याआधी १९८४ मध्ये दक्षिणेचं पाणी चढलं, तेव्हा बांध फोडून ९० मीटरची वाट करून द्यावी लागली. ही चुकीची कबुलीच की.

मीठभाकर:
गुलाबी पाण्याचं एवढं काय? जून २०२० मध्ये आपलं लोणारही गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, मीठप्रिय सूक्ष्मजीव निघाले. तेव्हा सगळे फोटोच काढत होते.

घाटवाला:
@मीठभाकर, लोणारचा रंग ओसरला. इथे बांधाने कायमचा रंगवलाय.

कोळंबीवाली:
माझं काम हॅचरीतलं, म्हणून लिहिते. कोळंबीच्या पिल्लांना आम्ही आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला एक बारीक जीव, खायला घालतो आणि त्याची अंडी ग्रेट सॉल्ट लेकमधूनही येतात. दक्षिण भागातून, कारण उत्तरेच्या खारात त्याचा टिकाव लागत नाही. २०१६ मध्ये बांधाला ५५ मीटरचा नवा पूल दिला, पाणी पुन्हा खेळू लागलं, सगळे खूश. मग २०२२ मध्ये तळं नीचांकाला गेलं, दक्षिणेचाही खार वाढला, आणि त्याच पुलाखालचा बंधारा २०२३ मध्ये उंच केला. कशासाठी? उत्तरेचं मीठ इकडे येऊ नये म्हणून! बांध नसता तर दक्षिण भाग कशाच्या आधाराने वाचवला असता, घाटवाला?

रिकामटेकडा:
बांध, पूल, मोऱ्या, सगळं राहू द्या. नद्यांचं पाणी वरच्या वरच शेतीला आणि शहरांना उचललं जातं. तळ्यात येणारं पाणीच कमी, तर भिंत इकडे असो वा तिकडे.

निवृत्त_पीडब्ल्यूआय:
@रिकामटेकडा +१. रेल्वेवर खापर फोडणं सोपं असतं.

घाटवाला:
आर्टेमियाचा मुद्दा बिनतोड, तो मी धरलाच नव्हता. पण ताई, आधी भिंत घालायची आणि मग ‘बघा, भिंतीने वाचवलं’ म्हणायचं, हे कसं? भिंत नसती तर मीठ दोन्हीकडे सारखं वाटलं गेलं असतं.

कोळंबीवाली:
सारखं वाटलं असतं म्हणजे २०२२ मध्ये दक्षिण भाग आणखी खारट झाला असता. आर्टेमिया दोन्हीकडून गेला असता!

निवृत्त_पीडब्ल्यूआय:
आता बोला. १९५५ साली या बांधाचा नकाशा तुमच्या हातात दिला असता तर मोऱ्या किती मीटरच्या ठेवल्या असत्या? आकडा द्या.

घाटवाला:
रात्री देतो. जेवायला हाक आली.