डबा कोणाचा आहे?

सेक्रेटरी (ए-101): वॉचमनच्या केबिनमध्ये स्टीलचा डबा पडून आहे. झाकणावर 1987 आणि पुसट झालेलं नाव कोरलंय. आत वाटीभर साखर आणि चिठ्ठी. ज्यांचा असेल त्यांनी मुंग्या लागायच्या आत न्यावा.

बी-202: चिठ्ठीत काय आहे?

सेक्रेटरी: दुसऱ्याची चिठ्ठी कशी वाचू?

बी-202: घडी घातली नसेल तर चालतंय की ओ 😄

सेक्रेटरी: घडी नाहीये खरं. घ्या. "ती. स्व. काकू, सा. न. वि. वि. डबा रिकामा परत द्यायचा नाही असं आजी सांगते. खोलीत साखरच उरली होती. लो. अ. ही वि. येतो." खाली सही नाही.

सी-104: मग सी-204 मधला इंजिनीअरिंगचा पोरगा. त्याला डबा यायचा काकूंकडनं, बी-302 च्या.

ए-403: सा. न. वि. वि. हा कुठला पासवर्ड?

ए-301 काका: इतकी रीत माहीत आहे तर बेल वाजवून हातात द्यायचा होता. वॉचमनकडे ठेवून जाणं म्हणजे कुरिअर झालं.

ए-403: काका, मे महिन्यात मी दुपारी 3 ला टँकरची पावती द्यायला आलो, तर "ही काय यायची वेळ आहे का" म्हणालात.

ए-301 काका: झोपलो होतो. 44 डिग्री होतं बाहेर.

ए-403: तेच म्हणतोय. आधी फोन करून यायचं, ही आमची रीत.

सेक्रेटरी: काका, तो काल पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसनं गेला. पुण्याला नोकरी लागली. त्या वेळी कोणाची बेल वाजवणार?

बी-103 सर: पासवर्डच म्हण बाळा. आईवडिलांना तीर्थरूप. जे त्यांच्या जागी, त्यांना तीर्थस्वरूप. पोरानं नुसतं ती. लिहिलं नाही, ती. स्व. लिहिलं. म्हणजे कोणीतरी शेजारी बसवून शिकवलंय. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. लो. अ. ही वि. म्हणजे लोभ असावा ही विनंती. धाकट्यांना अ. उ. आ., अनेक उत्तम आशीर्वाद. 15 पैशांचं पोस्टकार्ड, त्यात जागा ती केवढी! तरी नमस्कार कोणी गाळत नसे, त्याची आद्याक्षरं करायचे. माझं वडिलांशी नोकरीवरून वाजलं होतं. सहा महिने बोलणं बंद. पण दर महिन्याला पैसे पाठवले की सोबत पत्र जायचं आणि वर शि. सा. न. लिहावंच लागायचं, शिरसाष्टांग नमस्कार. मनात तसं काही नव्हतं हो! नुसता राग होता. पण मायना तयार होता म्हणून पत्र लिहिता आलं. तिकडून अ. उ. आ. यायचा, तोही रागातच 😀

ए-203 ताई: सर, हे गेले तेव्हा त्याच मायन्यात माझं सौ. चं गं. भा. झालं. पुढच्याच पत्रात. नुसतं श्रीमती लिहा, असं मी उलट टपाली कळवलं, तर तीच म्हणे उद्धटपणाची गोष्ट झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू तर बंदच. पुन्हा पहिलं बोलावणं आलं ते या बिल्डिंगमध्ये, बी-302 च्या काकूंकडून. तेव्हा जुनं तेवढं सोनं म्हणू नका.

बी-103 सर: कबूल ताई. ते मीही लिहीत होतो. विचार न करता.

ए-403: पण तो खोली सोडून गेला ना? मग "येतो" काय?

सी-301: तरी येतोच म्हणायचं असतंय. आमच्या तेलुगूत पण पोयोस्ता, म्हणजे जाऊन येतो. लहानपणी नुसतं पोता म्हटलं की आई पाठीत घालायची.

सी-104: कन्नडमध्ये होगि बर्तीन्री. तेच.

बी-202: सोलापुरात तीन भाषांत निघालात तरी जाता येत नाही बघा.

ए-301 काका: बरं, साखर ठेवली ते चांगलं केलं. आमच्या हिचे दोन डबे कोणाकडे अडकलेत, तेही विचारून घेतो. एकावर नाव आहे.

बी-202: 🙈 एक माझ्याकडं आहे. उद्या देते. भरून.

बी-302 काकू: आत्ता फोन बघितला. सोमवार म्हणून सिद्धेश्वराला गेले होते. डबा माझाच, रुखवतातला. साखर काढून ठेवली. अक्षर छान आहे पोराचं. आता डबा माझ्याकडं आलाय म्हणजे पाळी माझी. शेंगाचटणी कुटायला घेतलीये, कडक भाकरी तेवढ्या विकतच्या घालेन. पुण्याला कोण जातंय?

ए-403: मी, रविवारी. हुतात्मानंच. त्याचा नंबर सेक्रेटरी काकांकडून घेतो.

बी-302 काकू: मग पहाटे साडेपाचला बेल वाजव.

ए-403: आधी फोन करू का काकू?

बी-302 काकू: बेल वाजव.