करारपूर्तीच्या दाव्यात तिऱ्हाइताला दार बंद असावे का?

प्रवाळ:
दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम १० (२) प्रमाणे न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, कोणी अर्ज करो वा न करो, ज्याच्या हजेरीशिवाय वादातील सर्व प्रश्नांचा पुरता निकाल लागू शकत नाही अशा व्यक्तीला पक्षकार करून घेऊ शकते. तरतूद इतकी व्यापक असूनही साठेखतावरून (पुढे विक्री करून देण्याच्या करारावरून) दाखल झालेल्या करारपूर्तीच्या, म्हणजे तो करार पाळायला लावण्याच्या, दाव्यात ती फार आखडून वाचली जाते, असे माझे मत आहे. त्याला आधार दिला जातो तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील ‘कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमल’ या निकालाचा. विकणाऱ्याच्या विरोधात स्वतंत्र मालकी आणि ताबा सांगणारा माणूस हा कराराला परका असल्याने तो अशा दाव्यात आवश्यकही (ज्याच्याशिवाय निकालच देता येत नाही असा) नाही आणि योग्यही (ज्याची हजेरी पुरत्या निकालाला उपयोगी असा) पक्षकार नाही, असे त्यात ठरले.

आपल्याकडे याचा परिणाम काय होतो ते पाहा. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर फक्त भावाचे नाव लागलेले असते. तो संपूर्ण गटाचे साठेखत करून देतो, इसार घेतो आणि पुढे खरेदीखत करून देत नाही, म्हणून खरेदीदार दावा लावतो. बहीण आपला हिस्सा सांगत सामील होण्याचा अर्ज करते. तिला सांगितले जाते की करारावर तुमची सही नाही, तेव्हा तुमचा येथे संबंध नाही. पुढे भाऊ आणि खरेदीदार तडजोड करतात, हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा आदेश) होतो, खरेदीखत नोंदवले जाते, फेरफार पडतो आणि बेलिफ ताबा घ्यायला शेतावर येतो तेव्हा बहिणीची खरी लढाई सुरू होते. जो प्रश्न पहिल्याच वर्षी विचारता आला असता तो दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात, विचारायचा, यात कोणाचे हित आहे?

निशाणी पाच:
तुमच्या उदाहरणातील बहिणीबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, पण तुम्ही सुचवता तो उपाय दाव्याचाच जीव घेणारा आहे. दावा कोणाविरुद्ध लावायचा हे वादी ठरवतो आणि ज्याच्याविरुद्ध त्याला काही मागायचेच नाही त्याच्याशी लढायला त्याला भाग पाडता येत नाही. करारपूर्तीच्या दाव्यातील मुद्दे मोजके असतात: करार झाला का, वादी आपला भाग पार पाडायला सदैव तयार आणि राजी होता का, प्रतिवादीने कराराचा भंग केला का. बहीण आत आली की वंशावळ, पूर्वीचे वाटप, हक्कसोडपत्र खरे की खोटे, असे सगळे मुद्दे निघतात आणि साठेखताचा दावा वाटपाचा दावा होऊन बसतो.

शिवाय प्रत्येक नवा प्रतिवादी म्हणजे दुरुस्त दावाअर्ज, नवे समन्स, नवी कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि नव्या तारखा. त्यांच्यापैकी कोणी वारले तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे, नाही तर त्यांच्यापुरता दावा शमतो, म्हणजे संपुष्टात येतो. तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, साक्षीपुरावा लांबवण्यासाठी प्रतिवादीच पडद्याआडून एखाद्या नातेवाइकाला असा अर्ज करायला लावतो, हे नेहमीचे आहे. आणि ज्या हुकूमनाम्यात बहीण पक्षकार नाही तो तिच्या हिश्श्यावर बंधनकारकही नाही. तिने वाटपाचा स्वतंत्र दावा लावावा, त्यात मनाई हुकूम मागावा. तो मार्ग तिला पहिल्या दिवसापासून मोकळा आहे.

सह्यकडा:
निशाणी पाच यांच्याशी मी सहमत आहे. मुंबईतीलच दोन प्रकरणे येथे आठवावीत. ‘रमेश हिराचंद कुंदनमल विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका’ (१९९२) यात पेट्रोल पंप चालवणाऱ्याला अनधिकृत बांधकामाबद्दल पालिकेची नोटीस आली आणि त्याने पालिकेविरुद्ध दावा लावला. जागा ज्यांच्याकडून त्याला मिळाली होती त्या हिंदुस्थान पेट्रोलियमला त्या दाव्यात यायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना घेतले नाही. वादाच्या विषयात थेट, कायदेशीर हितसंबंध हवा. निकालाचा आपल्या व्यवहारावर परिणाम होईल एवढे पुरत नाही. दाव्यांची संख्या वाढू नये हा या नियमाचा इष्ट परिणाम असला तरी तो त्याचा मुख्य हेतू नव्हे, असेही तेथे म्हटले आहे. दुसरे प्रकरण विमानतळाचे. विमानतळ प्राधिकरणाविरुद्धच्या करारपूर्तीच्या दाव्यात विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने सामील होण्यासाठी अर्ज केला होता आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही नाकारला, कारण वादातील जमीन त्या कंपनीच्या भाडेपट्ट्यातून वगळलेली होती. पुढेमागे ती आपल्याला मिळेल, ही आशा म्हणजे हक्क नव्हे.

अबोली:
सह्यकडा यांची दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत, पण ती बहिणीला लागू पडत नाहीत. पेट्रोल कंपनीने मागितला तो पालिकेच्या नोटिशीच्या वादात प्रवेश, आणि विमानतळ कंपनीला त्या जमिनीत हक्कच नव्हता. सहहिस्सेदार बहिणीचा हक्क त्याच गटात, त्याच मातीत आहे.

मला तिच्या अधिक जवळचा वाटतो तो १९५८ चा ‘रझिया बेगम विरुद्ध साहेबजादी अन्वर बेगम’ हा निकाल. हैदराबादच्या निजामाच्या मुलाविरुद्ध रझिया बेगम यांनी आपण त्यांची विवाहित पत्नी असल्याचे घोषित करून मागितले आणि प्रतिवादीने ते लगेच कबूल करून टाकले. तेव्हा दुसरी पत्नी आणि तिचा अज्ञान (अल्पवयीन) मुलगा पुढे आले आणि दावा संगनमताचा आहे असे त्यांनी सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना पक्षकार करून घेणे योग्य ठरवले. वादी आणि प्रतिवादी एकाच बाजूला उभे असतील तर न्यायाधीशासमोर विरुद्ध बाजू मांडणारे कोणी उरतच नाही. भाऊ आणि खरेदीदार तडजोडीचा अर्ज देतात तेव्हा नेमके हेच घडते, आणि अशा वेळी वादीच्या निवडीला मान देणे म्हणजे संगनमताला मान देणे होय.

प्रवाळ:
अबोली यांनी मला म्हणायचे होते ते नेमके मांडले. निशाणी पाच यांच्या आक्षेपाला मात्र उत्तर दिले पाहिजे. बहिणीला स्वतंत्र दावा लावता येतो हे खरे; पण मग एकाच गटावर दोन दावे उभे राहतात आणि तिच्या दाव्यात मनाई मिळाली नाही तर तिचे भवितव्य दरखास्तीवर येते. तेथे आदेश २१ नियम ९७ ते १०१ प्रमाणे ताब्याला अडथळा करणाऱ्याच्या हक्काचा आणि मालकीचा प्रश्न दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयालाच ठरवावा लागतो, वेगळ्या दाव्याने नव्हे. म्हणजे जो साक्षीपुरावा तुम्हाला मूळ दाव्यात जड वाटला, तोच हुकूमनामा हातात घेऊन वर्षानुवर्षे थांबलेल्या खरेदीदाराच्या माथी येतो. यात वादीचेही भले नाही.

सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये ‘राहुल शहा विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी’ या निकालात ताब्याच्या दाव्यांबाबत निर्देश दिले आहेत: न्यायालयाने आदेश १० खाली पक्षकारांना तिऱ्हाइताच्या हितसंबंधांबद्दल विचारावे, शपथेवर कागद मागवावेत आणि मग आवश्यक तसेच योग्य पक्षकार दाव्यात घ्यावेत. आपल्याकडे हे निर्देश कागदावर राहिले तर दोष नियमाचा नाही.

निशाणी पाच:
राहुल शहा निकालाचा आधार योग्य आहे आणि तेवढ्यापुरता मी तुमच्याकडे सरकतो. पण त्यातील क्रम नजरेआड करू नका. तेथे न्यायालय स्वतः, दाव्याच्या सुरुवातीला, पक्षकारांना विचारून तिऱ्हाइताला बोलावते. मुद्दे निघाले, वादीचा उलटतपास झाला आणि मग कोणी सातबारा घेऊन उभा राहिला, तर माझा विरोध कायम आहे. फक्त त्याला आधी का येता आले नाही हे त्याने शपथेवर सांगितले आणि ते पटले, तरच अपवाद करावा. तडजोडीचा अर्ज आला असेल आणि सातबाऱ्यावर किंवा जुन्या फेरफारात इतर वारसांची नावे दिसत असतील, तर त्यांना नोटीस काढल्याशिवाय तडजोड नोंदवू नये, हेही मला मान्य आहे.

अबोली:
नेमकी तीच अडचण आहे. वारसाच्या फेरफारात बहिणींची नावे लावलेलीच नसतात; ज्यांची नावे दिसतात त्यांना नोटीस काढण्याने त्या वगळल्या जातात. म्हणून वडिलोपार्जित जमिनीच्या साठेखताच्या दाव्यात प्रतिवादीकडून कैफियतीबरोबरच सर्व वारसांची, विवाहित मुलींसह, शपथेवर यादी मागवावी, आणि यादी खोटी निघाली तर खर्च त्याच्यावर बसवावा.